गप्प बसलेलं कार्ड

आमच्या क्षीरमाई दूध संघाला उद्घाटनाचं व्यसन आहे. वजनकाट्याला रंग दिला तरी फीत लागते आणि कर्मचाऱ्यांच्या संडासाला दार बसवलं तरी नारळ लागतो. अध्यक्ष रामहरी अण्णांच्या टेबलाच्या खणात कात्री कायम असते, मी स्वतः पाहिली आहे. तेव्हा संघाने नवा सर्व्हर घेतला म्हटल्यावर त्याचंही उद्घाटन होणार, हे मला ठाऊक होतं. ते सर्व्हर चालू असताना, मांडवात, लाल बटण दाबून होणार हे मात्र मला कळलं ते छापून आलेल्या पत्रिकेवरून.

मी दीपा. देवळाली प्रवरेच्या अलीकडे संघाचं मुख्य कार्यालय आहे, तिथली कॉम्प्युटरची बाजू मी सांभाळते. गावोगावच्या दूध केंद्रांवर शीतटाक्या आहेत. टाकीतल्या दुधाचं तापमान, वीज आहे की गेली, झाकण उघडं की बंद, ही सगळी खबर आमच्या सर्व्हरकडे येते आणि काही बिघडलं की केंद्रावरच्या माणसाच्या मोबाईलवर मेसेज जातो, त्याची प्रत माझ्याकडेही येते. वीज गेली की कोणीतरी धावत जाऊन जनरेटर चालू करतं आणि दूध वाचतं. माझ्या नोकरीचा अर्थ एवढाच आहे आणि मला तो पुरतो.

ते धावत जाणारं कोणीतरी म्हणजे आमच्या खडकवस्तीवर माझी आई, चांगुणाबाई. वस्तीवरच्या बायकांचं दूध केंद्र तिने उभं केलं. आमची वस्ती बौद्धांची. आधी आमचं दूध रस्त्यावरच्या केंद्रावर जायचं. ते केंद्र अण्णांच्या पुतण्याचं आणि तिथे आमच्या किटल्यांचा नंबर नेहमी शेवटी लागायचा. उन्हात उभं राहून दूध बिघडायचं आणि मग तोच म्हणायचा, तुमचं दूध असंच असतं. आईने एक दिवस किटली उचलली आणि त्याच्यासमोरून परत आणली. त्यानंतर संघाच्या पायऱ्या झिजवून तिने वस्तीला टाकी मिळवली. पण टाकी शेतीच्या लाईनवर जोडली गेली, गावठाणाच्या नाही, त्यामुळे वीज कधी जाईल याचा नेम नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा दूध नासलं होतं. पुन्हा नासलं तर केंद्र बंद आणि दूध पुन्हा पुतण्याच्या केंद्रावर, असं अण्णांनी संचालकांच्या बैठकीत ठरवून टाकलं होतं. आई तेव्हापासून मोबाईल उशाला नाही, पदराला बांधून झोपते.

आता संदीप सर. हे पुण्याहून आलेले सल्लागार. मूळचे संगमनेरचे, पण ते कोणी विचारलं तर त्यांना ऐकू येत नाही. गळ्यात कसलासा बिल्ला, पायात पांढरे बूट आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बेसिकली". आमच्या अण्णांना त्यांचं एकही वाक्य समजत नाही, म्हणून अण्णांचा त्यांच्यावर फार विश्वास.

आमचा सर्व्हर म्हणजे खरं तर एका मोठ्या मशीनच्या पोटात चालणारं दुसरं, काल्पनिक मशीन. त्याला हात लावता येत नाही. त्याचं नेटवर्क कार्डसुद्धा खरं नाही. एक प्रोग्राम कार्ड असल्याचं सोंग वठवतो आणि आतलं मशीन त्याला खरं मानून त्याच्याशी बोलतं. हे पोटातलं मशीन चालू असतानाच जुन्या खोक्यातून, म्हणजे जुन्या मोठ्या मशीनमधून, नव्या खोक्यात हलवता येतं. अट एकच. जाताना त्या कार्डाच्या मनात जे जे होतं, कोणती खबर पाठवली, कोणती अडकली आहे, कशाच्या उत्तराची वाट बघतंय, ते सगळं तसंच्या तसं पलीकडच्या सोंगाला कळलं पाहिजे.

आमच्या केंद्रावर आई उठून गेली आणि तिच्या जागी लंकाबाई दूध तपासायला बसली, तर आई सांगून जाते की झाकण उलटं ठेवलंय ती किटली तपासलेली. समजा लंकाबाई उलट्या झाकणाचा अर्थ बिनतपासलेली असा घेत असेल, तर दोघी आपापल्या जागी शहाण्या असूनही दूध वाया जाणार. इथेही तेच होतं. नव्या खोक्यातलं सोंग नव्या तऱ्हेचं होतं, त्याला जुन्यापेक्षा एक गोष्ट जास्त सांगावी लागायची. जुनं ती सांगतच नव्हतं. त्यावर उपायही सोपा होता. नव्याला एका ओळीत बजावायचं, की बाबा, जुनं मशीन येतंय, तू जुन्यासारखंच वाग. चांगल्या प्रोग्रामला असं वागता येतं. ते बनवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं त्यासाठीच डोकं झिजवलेलं असतं.

रंगीत तालमीत नव्या खोक्याने मशीन घ्यायला सरळ नकार दिला. कार्डाची माहिती जुळत नाही म्हणाला. मला त्या खोक्याचं कौतुक वाटलं, कारण संघात नाही म्हणणारा तो पहिलाच.

"सर, ती ओळ घाला. जुन्या आवृत्तीचं मशीन म्हणून उभं करा," मी म्हणाले.

"मग स्क्रीनवर जुनी आवृत्ती दिसेल ना, दीपा मॅडम." संदीप सर हसले. "पत्रिकेवर छापलंय, सर्व काही नवे. बेसिकली अण्णांना जुनं काही दिसायला नकोय."

"दिसायला नको म्हणून चालायलाही नको का?"

"तुम्ही लोकल स्टाफ फार घाबरता."

आणि त्यांनी काय केलं? जो खोका नाही म्हणत होता, त्याचं तोंड बंद केलं. न जुळणारी माहिती सोडून द्यायची आणि पुढे जायचं, अशी सोय त्यांनी करून ठेवली. मी अण्णांकडे गेले. अण्णांनी अर्धं ऐकलं, अर्ध्या वेळी फोन घेतला आणि शेवटी म्हणाले, "ताई, कार्यक्रमात अपशकुन नको." त्या दिवसापासून नव्या सर्व्हरचा पासवर्ड माझ्याकडून काढून घेण्यात आला. माझ्याकडे काम दिलं ते पाहुण्यांच्या स्वागताला गुलाब मोजायचं. गुलाबांनी तरी मला काही विचारलं नाही.

कार्यक्रम मे महिन्यात, सकाळी. मांडव भरावा म्हणून प्रत्येक केंद्राला हुकूम होता की सभासद घेऊन या. आमच्याकडे खुर्च्या भरणं हे दूध भरण्यापेक्षा महत्त्वाचं काम आहे. आई वस्तीवरच्या बायकांना टेम्पोत घालून आली. लंकाबाईला तेवढं मागे ठेवलं. ती टाकीपासून जवळच्याच वावरात कांदे भरायला गेली होती आणि मेसेजचा आवाज मोठा करून फोन तिने बांधावर ठेवला होता.

मंचावर एक रिकामी शीतटाकी हार घालून उभी केली होती. ती सर्व्हरला जोडलेली आणि शेजारी भिंतीएवढा पडदा. पडद्यावर सगळ्या केंद्रांचे हिरवे ठिपके, प्रत्येकापुढे तापमान. पाहुणे आले, हार झाले, शाल झाली, नारळ झाला, पुन्हा शाल झाली कारण फोटोग्राफरचा पहिला फोटो हलला होता. मग पाहुण्यांनी लाल बटण दाबलं. बटणाला वायरच नव्हती. संदीप सर मागे लॅपटॉप घेऊन बसले होते, त्यांनी तिकडून मशीन हलवलं. पडद्यावर पट्टी सरकली, "सर्व काही नवे" अशी अक्षरं आली आणि टाळ्या पडल्या.

भाषणं सुरू झाली. मी माझ्या मोबाईलवर नजर ठेवून होते. आमच्याकडे दिवसाच्या कोणत्याही वेळी कुठून ना कुठून मेसेज येतोच. कुठे झाकण उघडं राहतं, कुठे वीज डोळा मारते. एक भाषण झालं, दुसरं झालं, तिसऱ्यात पाहुण्यांनी गाईला माता म्हणून झालं, तरी एक मेसेज नाही. मी पडद्याकडे पाहिलं. आकडे हलत नव्हते. खडकवस्तीपुढे चार अंश होतं ते तसंच.

कार्ड मुकं झालं होतं. नव्या सोंगाला वाटत होतं की आपण खबर दिली आहे, आता आतल्या मशीनने पोच द्यायची. आतल्या मशीनला वाटत होतं की खबर अजून आलीच नाही. दोघं एकमेकांची वाट बघत बसले होते आणि पडद्यावर शेवटचा आकडा चिकटून राहिला होता.

मी मंचामागे गेले. "सर, कार्ड अडकलंय. बटण दाबल्यापासून एक अलार्म नाही आलेला."

"एक्झॅक्टली!" संदीप सरांनी अंगठा वर केला. "झिरो अलार्म."

त्यांनी ती बातमी चिठ्ठीवर लिहून अण्णांकडे पाठवली आणि अण्णांनी माईकवर सांगितलं, "मंडळी, नवी यंत्रणा चालू झाल्यापासून एकही तक्रार नाही!" पुन्हा टाळ्या. माणूस मेला की तक्रार करत नाही, तसाच हा प्रकार होता आणि हे लोक त्याला हार घालत होते.

मला राग आवरला नाही. मी सरळ मंचावर चढले, गुलाब द्यायला आले असं समजून कोणी अडवलं नाही, आणि हार घातलेल्या त्या टाकीचा प्लग खेचून काढला. टाकीची घरघर थांबली. "आता पडदा लाल व्हायला पाहिजे," मी मोठ्याने म्हणाले. "बघा, होतोय का."

सगळा मांडव पडद्याकडे बघत राहिला. टाकीपुढे हिरवा ठिपका, चार अंश. थोडा वेळ गेला. हिरवाच. अण्णांना काय वाटलं देव जाणे, त्यांनी माईक उचलला.

"पाहा मंडळी! प्लग काढला तरी यंत्रणा हूं की चूं करत नाही! याला म्हणतात नवं तंत्रज्ञान!"

आणि मांडव कडाडून टाळ्या वाजवू लागला. पाहुण्यांनीही वाजवल्या. संदीप सरांनी तर उभं राहून वाजवल्या, आणि त्यांना तर कळत होतं. मी हातात प्लग धरून उभी होते आणि मला त्या माणसाची इतकी किळस आली की खाली उतरताना पायरी चुकली.

सगळ्या मांडवात टाळी न वाजवणारी एकच बाई होती. आई खुर्च्यांमधून वाट काढत माझ्यापाशी आली.

"दीपे, मशीनला प्लग काढलेला कळंना. मग आपली लाईट गेली तर त्येला कळंल का?"

"न्हाई, आई."

तिने पदराची गाठ सोडली आणि तिथेच लंकाबाईला फोन लावला. "लंके, टाकीला लाईट हाय का बघ."

"असंल की," पलीकडून लंकाबाई म्हणाली. "मेसेज कुठं आलाय?"

"आगं तू डोळ्यानं बघ!"

लंकाबाई धावली. तिचा श्वास फोनवर ऐकू येत होता, मग दार उघडल्याचा आवाज. "बया, टाकी बंद हाय," ती म्हणाली. "दूध कोमट लागतंय." पडद्यावरचे चार अंश आधीच्या दुधाचे होते; मागून आलेलं सकाळचं दूध लंकाबाईने ओतलं आणि ते निवायच्या आधीच वीज गेली होती. तिने जनरेटर चालू केला, पण आंबायला लागलेलं दूध गार केलं तरी आंबलेलंच राहतं. संध्याकाळी टँकर घेऊन शमुवेलकाका आले. त्यांनी भांड्यात दूध उकळून पाहिलं, ते फुटलं. त्यांनी आईकडे पाहिलं आणि टोपी काढून हातात घेतली. इतकी वर्षं ते आमचं दूध नेत आहेत. वस्तीवरच्या बायकांनी ते दूध ओढ्यात ओतलं. आई शेवटपर्यंत उभी राहिली, रडली नाही, आणि मग माझ्यावर उसळली.

"तू तितं हाय म्हनून मी बिनघोर हुते! तुझ्या मशीनवर इसवास ठिवला आमी!"

ज्या मशीनचा मला अभिमान, तेच आमच्या वस्तीच्या दुधावर उठलं होतं.

त्या रात्रीच संदीप सरांनी गुपचूप मशीन बंद केलं आणि जुन्या खोक्यात परत चालू केलं. बंद करून चालू केलं की कार्डाची आठवण पुसते, ते पुन्हा बोलायला लागतं. सकाळी सगळं ठणठणीत. ना कोणी बोललं, ना कोणी विचारलं.

दोन दिवसांनी आईला अध्यक्षांच्या दालनात बोलावणं आलं, मीही तिच्यासोबत गेले. अण्णा गंभीर चेहरा करून बसले होते. तो चेहरा त्यांनी कुठल्यातरी दहाव्याला शिकला असावा. शेजारी संदीप सर, लॅपटॉप उघडा.

"चांगुणाबाई, नियम म्हणजे नियम," अण्णा म्हणाले. "दूध दुसऱ्यांदा नासलं. केंद्र बंद करावं लागेल."

"लाईट गेल्ती, अण्णा. मेसेज आला न्हाई."

संदीप सरांनी लॅपटॉप फिरवला. "सिस्टीममध्ये वीज गेल्याची नोंद नाही. दिवसभर चार अंश. बेसिकली, टाकी नीट धुतली नसेल."

हे त्या माणसाने माझ्या आईला, माझ्या देखत सांगितलं. तिच्या हातांना सोडा आणि गरम पाण्याने चिरा पडल्या आहेत, ते हात टेबलावर त्याच्या पांढऱ्याशुभ्र लॅपटॉपशेजारीच होते. रस्त्यावरच्या केंद्रावर आमच्या दुधाबद्दल जे ऐकलं, तेच वाक्य त्याने इस्त्री करून आणलं होतं.

"कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, बाई," अण्णांनी भर घातली.

"बरोबर," मी म्हणाले. "अण्णा, मांडवातल्या टाकीची त्या दिवशीची नोंद काढायला सांगा ना."

संदीप सरांचा हात हलला नाही. मीच पुढे होऊन कळ दाबली. मांडवातली टाकी, दिवसभर चार अंश, वीज चालू. मग आईने आपला मोबाईल टेबलावर ठेवला. कार्यक्रमाचा व्हिडिओ संघानेच सगळ्या केंद्रांच्या ग्रुपवर टाकला होता, वरून गाणंही लावलं होतं. त्यात मी प्लग काढताना दिसत होते आणि अण्णांचा खणखणीत आवाज येत होता: प्लग काढला तरी यंत्रणा हूं की चूं करत नाही.

"आवाज तुमचाच हाय ना, अण्णा?" आईने विचारलं.

अण्णांनी मोबाईल उलटा करून ठेवला.

"सगळ्या मांडवाम्होरं प्लग निघाला, तरी ह्यात लाईट चालूच हाय. आमची लाईट गेली, तरी ह्यात चालूच हाय. आता येक सांगा. मांडवातली टाकी पन मी धुतली न्हवती म्हनून का?"

अण्णांनी संदीप सरांकडे पाहिलं. संदीप सर काहीतरी इंग्रजीत पुटपुटले. अण्णांना समजलं नाही आणि पहिल्यांदाच त्यांना त्याचा राग आला. तो व्हिडिओ परत घेता येण्यासारखा नव्हता, तो साऱ्या तालुक्याच्या मोबाईलमध्ये होता. पाहुण्यांच्या टाळ्यांसकट.

"केंद्र चालू राहू द्या," अण्णा खिडकीकडे बघत म्हणाले. मोठेपणा केल्याचा आव त्यातही होताच. माफी वगैरे कोणी मागितली नाही, ती त्या दालनात कधी कोणी पाहिलेली नाही.

पासवर्ड माझ्याकडे परत आला, शिपायाच्या हाती, चहासोबत. मंगळवारी दुपारी, ना हार ना फीत, मी मशीन नव्या खोक्यात हलवलं. चालू असतानाच हलवलं. आधी ती एक ओळ घातली: जुन्यासारखंच वाग. नव्या खोक्याने मुकाट्याने ऐकलं, अण्णांपेक्षा समजूतदार निघाला. पडद्यावर आता जुनी आवृत्ती दिसते, म्हणून अण्णांनी त्या जागेवर स्वतःच्या फोटोचं स्टिकर लावून घेतलं आहे. असू दे. कार्ड फोटोमागूनही बोलतं.

मी टेबलापाशी बसून मोबाईलकडे बघत राहिले. मला धाकधूक होती, खोटं कशाला सांगू. दुपार कलायला लागली तेव्हा फोन वाजला. "खडकवस्ती. वीज गेली." असा गोड मेसेज मी आयुष्यात वाचला नव्हता. मी आईला फोन लावला तर तिने उचललाच नाही. पुन्हा लावला. शेवटी धापा टाकत आवाज आला, मागे जनरेटर धडधडत होता.

"कशाला फोन करतीस?" आई ओरडली. "तुझ्या मशीननं सांगितलंय मला!"